करंडा सांडला की...

पडद्यावरच्या देवघरात वारा शिरला, समई फडफडली आणि विझली. आमच्यातल्या वडीलधाऱ्या मोठी आईने हातातली वात अर्धी सोडून वर पाहिलं. "कोन जाते आता?" प्रश्न कुणा एकीला नव्हता. खोलीत आम्ही सात-आठ जणी होतो. दोघी तुरीच्या शेंगा सोलत होत्या, एक मुलगी दहावीचं पुस्तक मांडीवर उपडं ठेवून बसली होती. दोन मिनिटांत तीन उत्तरं आली. सासरे जाणार, कारण आठवडाभर ते सगळ्यांशी फारच गोड बोलतायत. थोरला जाणार, कारण निघताना त्याने उंबऱ्यात थांबून घराकडे वळून पाहिलं. तिसरीचं म्हणणं, कुणीच जात नाही. आज शनिवार आहे, सोमवारपर्यंत जीव टांगून ठेवायला समई विझवली.

संग्रामपूर हे बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं तालुक्याचं गाव. गच्चीवर उभं राहिलं की सातपुड्याची निळी रेघ दिसते. तिच्या पोटात अंबाबरव्याचं अभयारण्य आहे आणि डोंगर ओलांडला की मध्य प्रदेश. दक्षिणेकडे पूर्णेचा खारपाणपट्टा, जिथे विहिरीला पाणी लागतं पण ते तोंडात धरवत नाही. कापूस, सोयाबीन, तूर, सोनाळ्याकडे संत्री. रेल्वे धरायची तर शेगाव. मी इथे वाढले, नोकरीसाठी बाहेर गेले आणि दर दिवाळीला, उन्हाळ्याला परत येते. गेली काही वर्षं इथे आले की संध्याकाळी साडेसातनंतर कुणाच्या ना कुणाच्या घरी मालिकेच्या वेळेला मुद्दाम जाऊन बसते. टीव्हीकडे माझं लक्ष निम्मंच असतं. समोर चाललेल्या गोष्टीवर या बायका जी दुसरी गोष्ट रचत जातात, ती ऐकायला मी जाते.

ही सवय आमच्या गावाला कशी लागली याचं माझ्यापुरतं उत्तर लोडशेडिंग असं आहे. २००७ ते २००९ या काळात झी मराठीवर 'असंभव' चालू होती. सतीश राजवाडे यांचं दिग्दर्शन, चिन्मय मांडलेकर यांची पटकथा, पुनर्जन्माची गुंतागुंत. एक भाग चुकला तर पुढचे चार कळू नयेत अशी ती मालिका, आणि त्याच वर्षांत आमच्याकडे बारा-बारा तास वीज नसायची. नेमकं रहस्य उलगडायच्या क्षणी पंखा थांबायचा. मग कंदील लावून उरलेला भाग तोंडानेच पूर्ण केला जाई. गेल्या जन्मी कोण कोण होतं, वाड्यात काय दडलंय, त्यातल्या सुलेखाच्या मनात नेमकं काय आहे, यावर जेवणं होईपर्यंत वाद चालत. त्यात मध्येच नायिकेचा, शुभ्राचा, चेहरा बदलला. मानसी साळवीच्या जागी ऊर्मिला कानेटकर आली. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाने पेपरात वाचलं असेल की अभिनेत्री बदलली. आमच्या आळीत आठवडाभर वीजच धड नव्हती. ती आली तेव्हा शुभ्रा म्हणून वेगळीच मुलगी वावरत होती आणि मालिका पुनर्जन्माची! एका काकूंनी ठामपणे सांगितलं, हाही गोष्टीचाच भाग आहे, हिच्यात दुसरीचा आत्मा आलाय. तो खुलासा लेखकाने केला नाही. मला मात्र तो आजही पटतो.

वीज सुधारली तरी भाग चुकणं थांबलं नाही, निदान पुरुषांचं. शेतीच्या फीडरला थ्री फेज पुरवठा पाळीपाळीने येतो, आणि पाळी रात्रीची असली की माणसं बॅटरी आणि काठी घेऊन ओलिताला निघतात. हरभऱ्याला पाणी देताना टीव्ही दिसत नाही. सकाळी चहाच्या वेळी घरातली बाई रात्रीचा भाग सांगते, आणि सांगताना तो जसाच्या तसा सांगत नाही. कोण काय बोललं याच्या मध्ये तिचं मत येतं, जे दाखवलं नाही तेही येतं, शेवटी पुढे काय होणार ते येतं. माझे काका एक अख्खी मालिका अशी, काकूच्या तोंडून, ऐकून जगले. पुढे एकदा सुटीच्या दिवशी त्यांनी ती प्रत्यक्ष पाहिली तेव्हा त्यांना ती फिकी वाटली.

या सगळ्याला जोर चढला तो २०१६ च्या फेब्रुवारीत, 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा. गोष्ट सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या नाईकांच्या वाड्याची, चित्रीकरण तिथलंच, बोली मालवणी. अण्णा नाईकांच्या मृत्यूने दार उघडतं, विखुरलेली मुलं-सुना गोळा होतात आणि मग घरात एकेक विपरीत घडू लागतं. कोकणात त्यावर आक्षेप घेतले गेले, आमचा मुलूख भुताखेतांचा म्हणून रंगवताय असं तिथल्या लोकांचं म्हणणं होतं, आणि ते गैर नव्हतं. पण शेकडो मैल दूरच्या आमच्या गावात ती मालिका जिव्हाळ्याने पाहिली गेली, आणि त्याचं एक कारण मला भाषेत सापडलं. प्रल्हाद कुडतरकर यांनी लिहिलेल्या आणि स्वतःच साकारलेल्या पांडूचा "इसारलंय" हा शब्द राज्यभर गाजला. बाकीच्या महाराष्ट्राला तो मजेशीर वाटला असेल. आमच्याकडे 'विसरलो'ला 'इसरलो'च म्हणतात. एक टोक समुद्राचं, एक सातपुड्याचं, आणि दोन्हीकडे 'वि'चा 'इ' झालेला. पांडू पहिल्या दिवसापासून आमचाच वाटला. म्हणूनच बहुधा संशय त्याच्यावर सगळ्यात आधी गेला. ज्याला सगळं विसरायला होतं त्यालाच सगळं ठाऊक असणार, हा तर्क मी तीन वेगवेगळ्या घरांत ऐकला.

त्या मालिकेत खुणा पेरलेल्याच होत्या: विहीर, बंद खोली, फोटोतल्या माणसाची नजर, रात्री वाजणारी कडी. खुणेचा अर्थ लावताना मात्र लोक आपल्या अनुभवातला अर्थ लावत. विहिरीबद्दलचं बोलणं मला विशेष आठवतं. कोकणातली विहीर पडद्यावर आली की आमच्या बायका क्षणभर गप्प होत. विहीर म्हणजे भूत, हे त्यांच्या मनात नंतर येई. आधी येई ती गावातली एखादी खरी विहीर, आणि तिच्यात गेलेली कुणाची तरी सून. "तिथं बाई गेली असन," असं कुणीतरी हळूच म्हणे. लेखकाने रहस्यासाठी ठेवलेली वस्तू इथे साक्षीदार होऊन बसायची.

२०१९ च्या जानेवारीत दुसरं पर्व आलं आणि त्याने गंमत उलटी केली. काळ मागे नेला. पहिल्या पर्वात मेलेले अण्णा आता जिवंत, माधव अभ्यंकरांच्या रूपात हिंडताहेत, आणि त्यांच्या आयुष्यातली दुसरी बाई, अपूर्वा नेमळेकरची शेवंता, समोर आली आहे. अण्णांचं काय होणार हे सगळ्यांना माहीत. तरी अंदाज थांबले का? उलट वाढले. आता प्रश्न 'कोण मरणार' हा नव्हता, 'कुणाच्या शापाने' हा होता. कुठल्या प्रसंगात अण्णांचं पाप भरलं, कोणत्या बाईचा तळतळाट लागला, त्यांच्या बायकोने, माईने, इतकं सोसलं ते बरोबर की चूक, याचा हिशेब रोज मांडला जाई. मला वाटतं, त्या पर्वाने माझ्या गावाला जे दिलं ते रहस्यकथेने कधी दिलं नसतं. शेवट आधी कळला की माणसं न्यायनिवाडा करू लागतात.

शेवट माहीत असलेली गोष्ट ऐकायची आमच्याकडे जुनीच रीत आहे. दासगणू महाराजांच्या 'श्री गजानन विजय' ग्रंथाचे एकवीस अध्याय इथल्या कितीतरी घरांत पारायणाला लावले जातात, आणि पुढे काय घडणार म्हणून कुणी ते ऐकत नाही. तसंच 'स्वराज्यरक्षक संभाजी'चं झालं. २०१७ च्या सप्टेंबरात सुरू होऊन २०२० च्या फेब्रुवारीत ती संपली. सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यात, म्हणजे जिजाऊंचा नातू हा माहेरच्या नात्यातलाच. संगमेश्वरची अटक जवळ येऊ लागली तसं बायकांनी अंदाज बांधणं बंद केलं. मोठी आईने शेवटचे भाग पाहिलेच नाहीत. ती त्या वेळी मागच्या अंगणात जाऊन बसायची आणि टीव्हीचा आवाज बंद झाला की आत यायची.

आता भेंडवळबद्दल लिहायला हवं, कारण त्याशिवाय या तालुक्यातल्या माणसाचं खुणा वाचणं समजणार नाही. भेंडवळ हे शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यातलं गाव. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी ही पद्धत घातली असं सांगतात आणि वाघ घराण्यातली माणसं ती आजही चालवतात. गोलाकारात अठरा धान्यं मांडलेली: कापूस, ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, गहू, हरभरा अशी. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यावर पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर पुरी, पापड, कुरडई, भजी, वडा, करंजी. शेजारी पानाचा विडा आणि सुपारी. मग सगळे निघून जातात, रात्रभर तिथे कुणी थांबत नाही. पहाटे येऊन पाहायचं: कुठलं ढेकूळ किती भिजलं, कुठल्या धान्याचे दाणे जागचे हलले. पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे तिजोरी, भादली हे धान्य म्हणजे रोगराई, विडा म्हणजे राजा. विडा जागेवर असला तर राजा कायम. एखादं पीक ना चांगलं ना वाईट असलं तर भाकितात त्याला 'मोघम' म्हणतात.

लहानपणी वडिलांबरोबर मी एकदा ती पहाट पाहिली. उजाडायच्या आधी माणसांची ती गर्दी, सगळ्यांच्या माना एका वर्तुळाकडे वळलेल्या, आणि खुणेचा अर्थ सांगितला जाईपर्यंतची ती शांतता. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे या भाकितावर टीका करतात आणि पेरणीचा निर्णय त्यावर घेऊ नये हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पावसासाठी मी हवामान खात्याचाच अंदाज पाहीन. माझं कुतूहल वेगळ्या गोष्टीत आहे. जिथे पेरणी, भाव, पाऊस यांतलं काहीच हातात नाही, तिथे माणसं वर्षातून एकदा सगळं जग एका वर्तुळात मांडून बघतात. करंजी एवढीशी, पण तिच्यात अख्खी तिजोरी. वस्तूत अर्थ भरण्याची ही तालीम ज्या मुलखाला आहे, त्याला पडद्यावरची समई काय जड? आणि 'मोघम' हा शब्द तर आमच्या बायकांनी मालिकांनाही लावला आहे. प्रोमोत वादळ आणि प्रत्यक्ष भागात काही नाही, असं झालं की मोठी आई म्हणते, "आजचं मोघमच गेलं."

मालिकांच्या कामकाजाबद्दल मी या बायकांना थोडंफार सांगून पाहिलं. कुणाचं मरण कथेतून येतं आणि कुणाचं करारातून येतं, हा फरक. नटाला दुसरं काम मिळालं, तारखा जमेनात, आकडे घसरले, की लेखकाला एखादा अपघात लिहावा लागतो. प्रेक्षकमोजणी करणाऱ्या बार्क या संस्थेने ऑक्टोबर २०१५ पासून खेड्यातली घरंही मोजायला घेतली, तेव्हापासून तुमच्यासारख्यांची आवड हिशेबात येते, असंही सांगितलं. त्यांना यातलं काहीच नवं वाटलं नाही. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहीर मेला आणि लोकांनी आकांत केल्यावर परत आला, ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट त्यांना तोंडपाठ आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये 'सीआयडी'त शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न गेल्याचं दाखवलं, तेव्हा वरवट बकालच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवरही एकच मत होतं: प्रेत दाखवलं का? नाही ना, मग येतो तो. आणि ते आले. प्रेत नाही तर मरण नाही, हा नियम इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.

एका बाबतीत मात्र या बायका लेखकांना माफ करत नाहीत. खारपाणपट्ट्यातल्या गावांमध्ये किडनीचा आजार काय करतो हे संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांना घरात पाहून माहीत आहे. मालिकेत एखाद्याला किडनीचं दुखणं दाखवून पंधरा दिवसांत हसतखेळत घरी आणलं की खोलीत कुणी बोलत नाही. चॅनल बदललं जातं.

खुणांमध्ये सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जास्त वापरलेली खूण कुंकवाची. करंडा हातातून निसटतो, लाल भुकटी फरशीवर पसरते, कॅमेरा तीन दिशांनी तिच्यावर जातो. नाहीतर मंगळसूत्र दाराच्या कडीत अडकतं आणि काळे मणी घरंगळत जातात. सिनेमाने ही भाषा घडवली, मालिकांनी ती रोजच्या वापरात आणली. करंडा सांडला की नवरा संकटात, इतकं सरळ. घरातल्या चार वर्षांच्या मुलीलाही ते वाचता येतं.

आमच्या खोलीत भिंतीला टेकून एक वहिनी बसते. पस्तिशीची असेल. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला, कर्ज होतं. बुलढाणा हा पश्चिम विदर्भातल्या त्या जिल्ह्यांपैकी एक आहे ज्यांची नावं शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत एका ओळीत येतात. वहिनी दिवसा रोजंदारीला जाते, रात्री मालिकेला येते. अंदाज बांधण्यात ती सगळ्यांत तरबेज आहे, तिचे दहातले सात बरोबर येतात. पण करंड्याचा प्रसंग आला की ती बोलत नाही. एकदा मी तिच्याकडे पाहत होते. पडद्यावर कुंकू सांडलं, खोलीत "गेला, गेला" असा गलका झाला, आणि वहिनीने पदर सारखा करून खाली पाहिलं. त्या रात्री मला पहिल्यांदा जाणवलं की ज्याला आपण प्रतीक म्हणतो त्याचा एक टोकदार भाग असतो आणि तो प्रेक्षकांतल्या कुणाला तरी रोज लागतो. तिच्या घरात काही करंडा सांडला नव्हता. कुठलीच खूण झाली नव्हती, साधा मंगळवार होता. पण मालिका सांगते की खूण होते, बाईच्या हातून होते. मग न सांगता असंही सांगून जाते की तिच्या हातून काहीतरी सुटलं असेल. हे लिहिणाऱ्यांकडे मी एवढंच मागते की करंडा खाली ठेवा. वादळ दाखवायला तुमच्याकडे आणखी शंभर वस्तू आहेत.

याच खोलीत मी 'आई कुठे काय करते'वरचे वाद ऐकले. स्टार प्रवाहची ही मालिका २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली. मधुराणी प्रभुलकरच्या अरुंधतीला लग्नाला पंचवीस वर्षं होताना नवऱ्याचं, अनिरुद्धचं, दुसरीकडे जुळलेलं समजतं. पुढे घटस्फोट, स्वतःच्या पायावर उभं राहणं, आणि मग आशुतोषशी दुसरं लग्न. अरुंधती अनिरुद्धकडे वापस जाणार की नाही, यावर वर्षभर खोलीत दोन तट होते. जाणार म्हणणाऱ्या बहुतेक वयस्क. त्यांच्याशी बोलत बसले तेव्हा कळलं की त्यांना ती जावी असं वाटत नव्हतं. त्या स्वतः गेल्या होत्या, म्हणून तीही जाईल असं त्यांना वाटत होतं. मोठी आईने एकदा सुपारी कातरता कातरता सांगितलं की लग्नानंतर चौथ्या वर्षी ती माहेरी निघून आली होती आणि तिच्या वडिलांनी तिसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपली. पन्नास वर्षांत हे घरात कुणाला माहीत नव्हतं. अरुंधतीवर वाद नसता तर ते कळलंही नसतं.

दुसऱ्या लग्नाच्या वेळी सगळ्यांचं बारीक लक्ष एकाच गोष्टीवर होतं: तिच्या गळ्यात काय असेल. जुनं कुठे गेलं, नवं कसं असेल, कुंकू केवढं लावेल. बाहेरून पाहणाऱ्याला हा दागिन्यांचा शौक वाटेल. 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीच्या मंगळसूत्राची फॅशन आमच्या बाजारातही आली होतीच. पण इथे गोष्ट वेगळी होती. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. परिपत्रक आमच्यापर्यंत कागदावर आलं. अरुंधती मात्र रोज साडेसातला घरात येत होती. एखादी बाई दुसऱ्यांदा हळद लावून घेते, जी तिची सासू होती ती बाई ते पाहते, तिची मुलं ते पाहतात, आणि आभाळ कोसळत नाही, हे माझ्या गावाने एकत्र बसून पाहिलं. त्या रात्री वहिनी भिंत सोडून पुढे येऊन बसली होती.

२०२४ साली आशुतोष गेला. अरुंधती पुन्हा एकटी पडली. खोलीत रडारड झाली, लेखकाला शिव्या बसल्या, एक काकू रागाने उठून गेल्या. त्यानंतर अंदाज सुरू झाले ते नेहमीच्या उत्साहाने झाले नाहीत. आता ती आश्रमात जाईल, आता ती गाणं सोडेल, आता ती जुन्याच घरी येऊन कोपऱ्यात बसेल. कुणीतरी म्हणालं, आता पांढरी साडीच दाखवतात पाहा.

"नाही," वहिनी म्हणाली. सगळ्यांनी मागे पाहिलं. "पाहजो, ते टिकली काढत नाही. मी सांगते."

कुणी विचारलं, कशावरून? तिने उत्तर दिलं नाही. तिला सकाळी लवकर कामावर जायचं होतं. चपला शोधायला ती दारात वाकली, तेव्हा ओसरीवरच्या दिव्यात तिच्या कपाळावरची बारीक मरून टिकली मला दिसली. ती कधीपासून होती कुणास ठाऊक.